थोरली सौंसरकडं निघाली

"केशवा, हात नको लावू. बसल्या म्हंजे बसल्या. आता बोटभर जरी सरकल्या, तं गेल्या म्हून समज."

आईचा हा आवाज केशवरावांच्या कानात अजून ताजा होता. तेव्हा ते चौरंगाच्या उंचीचे होते. महालक्ष्मीच्या कोऱ्या लुगड्याचा जरीकाठ हाताला कसा लागतो हे पाहायला त्यांनी बोट पुढं केलं होतं, आणि आईनं ते बोट स्वयंपाकघरातून, इकडं पाठ असताना पाहिलं होतं. पुढं आई गेली, चुलीच्या जागी गॅस आला, पण रीत तीच राहिली. भादव्यात थोरली आणि धाकटी अशा दोघी बहिणी सांजच्याला कुंकवाच्या पावलांनी घरात येतात. दुसऱ्या दिवशी जेवतात. तिसऱ्या दिवशी जातात. जातात म्हणजे काय, तर घरचं मोठं माणूस अक्षता टाकतं आणि त्यांना जागेवरून जरासं हलवतं. तेवढ्यानं त्या सासरच्या वाटेला लागल्या असं होतं. म्हणून मधल्या वेळात त्यांना कोणी हात लावत नाही.

केशवरावांनीही लावला नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. जे झालं ते वायरीनं झालं.

"यंदा असं करतो, का सौंसरवाले तोंडात बोटं घालतीन," पोळा सरला तसं त्यांनी जाहीर केलं.

कलाबाई डाळ निवडत होत्या. "काय करता?"

"ते तू पाह्यजो."

"मी तं दरसालच पाह्यते," कलाबाई म्हणाल्या आणि डाळीतला खडा उंबऱ्यापलीकडं टाकला.

सौंसरवाले म्हणजे काही शत्रुपक्ष नव्हता. सख्खा धाकटा भाऊ विनोद आणि त्याची बायको उर्मिला. आई गेल्यावर भावांच्या वाटण्या झाल्या, त्याही आवाज न वाढता. विनोदकडं सौंसरचा संत्र्याचा बगिचा गेला. केशवरावांकडं पांढुर्ण्याचं घर आणि पंपाच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान राहिलं. महालक्ष्म्या थोरल्या घरी असतात, त्या तिथंच राहिल्या. दरसाल विनोद आणि उर्मिला जेवणाच्या दिवशी सकाळच्या बसनं येत, पोटभर जेवत आणि दिवस कलायच्या आत परत जात. सारं कसं गोडीनं चाललं होतं. यंदा मात्र विनोदचा फोन आला.

"दादा, यंदा आमी आधीच येऊन राहिलो. बसतात त्याच दिवशी. थोडं बोलायचं हाये."

"काय बोलायचं?"

"आल्यावर बोलू ना."

असलं वाक्य फोनवर ऐकल्यावर कोणाचा घास गोड लागेल? त्यात रघुनाथरावांनी भर घातली. रघुनाथराव म्हणजे केशवरावांचे शाळेपासूनचे दोस्त, जाम नदीच्या पलीकडं सावरगावात राहणारे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत दोन्ही गावं एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीत एखादा दगड लागल्याशिवाय त्यांना साल साजरं झाल्यासारखं वाटत नसे. यंदाही कपाळावर पट्टी होती.

"विनोदनं नवं घर बांधलं न सौंसरले, मी जाऊन आलो," पट्टी चाचपत ते म्हणाले. "देवघर पाह्यलं. दोन कोनाडे काढले बाप्पा. शेजारी शेजारी. हे एवढाले."

"दोन?"

"दोन. बाळकृष्णाले दोन कोनाडे लागतात का? तूच सांग."

केशवरावांनी बोटांवर दोन मोजले आणि त्यांचा हिशेब जुळला. भाऊ महालक्ष्म्या मागायला येत होता. धाकट्यानं तोंड उघडून मागितलं आणि थोरल्यानं नाही म्हटलं, तर भाऊ तुटतो. हो म्हटलं, तर घर ओकंबोकं होतं. तेव्हा मागायची वेळच येऊ द्यायची नाही. पांढुर्ण्याच्या घरात अजून केवढी धमक आहे हे पाहूनच विनोदची वाचा बसली पाहिजे, असा बेत ठरला.

बेत गोल होता. दोघी देवींच्या मागं पातळ प्लायवूडची मोठी थोरली प्रभावळ, तिच्यावर सोनेरी कागद, कडेनं मोरपिसं आणि बारके दिवे, आणि ही प्रभावळ संथ फिरत राहणार. पंख्याची मोटर लावली असती तर मोरपिसं थेट लोधीखेड्यात जाऊन पडली असती. म्हणून नागपूरच्या कारखान्यात कामाला असलेल्या मुलानं, भूपेंद्रनं, बसच्या कंडक्टरजवळ एक वेगळीच मोटर पाठवली आणि फोनवर समजावलं.

"बाबा, ही गरगर नाही फिरत. हे पाऊल टाकते. एक पाऊल, मंग दुसरं."

पाऊल टाकणारी मोटर! केशवराव ऐकूनच पाघळले. ज्या घरात देवी पावलांनी येते तिथं मोटरनंही पावलांनीच चालावं, यापरतं शोभणारं काय असेल?

"तिच्यासंग एक ड्रायव्हर हाये, हिरवी पट्टी," भूपेंद्र सांगत होता. "मोटरीत दोन कॉइल, म्हून चार वायर. ड्रायव्हर आळीपाळीनं करंट देते, या कॉइलले, मंग त्या कॉइलले. तवा ते पाऊल पडते. कोनती वायर कोनाच्या जोडीची, ते मीटर लावून पाहा. अंदाजे नका लावू."

"तू मले मोटर शिकवतं का रे?"

"नाही बाबा. ही पंपाची नव्हे, म्हून सांगून राहिलो."

"मोटर म्हंजे मोटर," केशवराव म्हणाले आणि फोन ठेवला.

कलाबाईंनी खोक्यात डोकावून पाहिलं. काडेपेटीएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर पांढऱ्या धातूच्या दातांचं कंगव्यासारखं काहीतरी.

"हे काय म्हनायचं?"

"ड्रायव्हर."

"एवढासा? जेवन लागते का याले?"

"बारा व्होल्ट लागतात."

"बरं हाये. सोळा भाज्या तं नाही लागत," कलाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "त्या कोठ्या माळ्यावरून काढून देता का?"

कोठ्या म्हणजे देवींची पत्र्याची पोकळ धडं. त्यांच्यावर लुगडी नेसवतात आणि वर मुखवटे बसवतात.

"हे वायर टाकून होऊ दे," केशवराव म्हणाले.

वायर टाकून व्हायला दुपार झाली. भूपेंद्रचं ऐकायचं नाही असं ठरवूनही त्यांनी मीटर लावला, जोड्या शोधल्या, चारी वायरी आपापल्या खाचेत घातल्या. भिंतीला ओल होती, म्हणून प्रभावळीचा लोखंडी खांब चौरंगाच्याच मागच्या अंगाला आवळून बसवला. देवी बसायच्या आधीच बसवला. नंतर हात लावायचा नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. मग चौरंगामागं बसून बटन दाबलं. प्रभावळीनं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मोरपिसं मानेनं होकार दिल्यासारखी हलली. केशवराव मागं बसून एकटेच हसले. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा कोठ्या खाली आलेल्या होत्या. कोणी आणल्या, कशा आणल्या, हे विचारायचं राहून गेलं.

देवी बसायच्या दिवशी सौंसरवाले आले. विनोदनं संत्र्याच्या पानांचं तोरण आणलं होतं. उर्मिला आली ती थेट स्वयंपाकघरात गेली. ती केशवरावांशी बोलत नसे. भांडण म्हणून नव्हे, रीत म्हणून. धाकट्या भावाची बायको मोठ्या दिराशी, म्हणजे भासऱ्याशी, समोरासमोर बोलत नाही, त्याचं नाव तर घेतच नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं सारं बोलणं कलाबाईंच्या नाहीतर भिंतीच्या मार्फत चाले. "बाई, त्यायले म्हना चहा ठेवला हाये." आणि चहा समोरच ठेवलेला असे. कलाबाई म्हणत, "चहा ठेवला हाये." मग केशवराव तो उचलत. मधला टप्पा गाळून कप उचलणं त्यांना कधी सुचलं नाही.

तिचा गळा मात्र त्यांच्या ओळखीचा होता. पुरण वाटताना ती गुणगुणे, आणि ते भिंतीअलीकडं येई.

थोरली गं धाकटीला धरून आणते हाती,
सासरच्या वाटेवर माहेराची माती.

आईसुद्धा असंच काहीसं म्हणे. दुसऱ्या कोणत्या साली केशवराव डोळे मिटून ऐकत बसले असते. यंदा त्यांनी त्यातून एवढंच ऐकलं की धाकटी जाते कुठंतरी.

विनोद चौरंगापुढं उकिडवा बसला आणि त्यानं वितीनं चौरंग मापला.

"कायले मापतं?"

"असंच. केवढा हाये ते."

"हाये तेवढा हाये."

"अन् कोठ्या लई जड असतीन न, दादा? गाडीत..."

"गाडीत काय?"

"काही नाही." विनोदनं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं, घसा साफ केला. "दादा, ते थोडं बोलायचं होतं..."

केशवरावांनी बटन दाबलं. प्रभावळ फिरायला लागली, दिवे लागले, विनोद "अरे वा" म्हणून मागं सरकला आणि बोलायचं राहिलं.

पुढं हा रस्ताच पडला. विनोदनं "दादा" म्हटलं की केशवराव बटन दाबत. आरतीनंतर एकदा, फराळाच्या वेळी एकदा, आणि एकदा तर विनोदला फक्त पाणी पाहिजे होतं. कलाबाईही अधूनमधून दारात येत, पदराला हात पुसत, काहीतरी ओठावर आणत. केशवरावांना वाटे, हिलाही प्रभावळच पाहायची आहे. ते बटन दाबत. कलाबाई थोडा वेळ पाहत उभ्या राहत आणि आत जात.

जेवणाचा दिवस उजाडला. घरात पुरणाचा, आंबिलीचा, कढीपत्त्याचा असा काही वास भरला की रघुनाथराव बोलावल्याच्या बरेच आधी येऊन बसले. सुपारी गालात धरून ते प्रभावळीकडं बघत राहिले. मग त्यांची मान एका बाजूला कलली.

"केशव, हे उलटं फिरून राहिलं रे."

"उलटं कसं? मी पाह्यलं ना. उजवीकडं फिरते."

"कुठून पाह्यलं?"

केशवरावांनी जिथून पाहिलं होतं ती जागा चौरंगाच्या मागं होती. मागून उजवीकडं फिरणारी गोष्ट पुढून कुठं फिरते, हा विचार त्यांच्या डोक्यात त्या क्षणी पहिल्यांदा शिरला आणि तिथंच बसला.

"देवाच्या मागं डावीकडं फिरनारं चक्र," रघुनाथराव म्हणाले. "आमच्या सावरगावात असं नाही करत कोनी."

"उलटी प्रदक्षिणा झाली म्हना की," विनोद सहज म्हणाला.

सहजच म्हणाला, पण केशवरावांनी ते सहज घेतलं नाही. म्हणजे उद्या हा म्हणणार, दादाच्या घरी देवीला उलट्या प्रदक्षिणा पडतात, त्यापेक्षा आमच्या कोनाड्यात... त्यांनी भूपेंद्रला फोन लावला. भूपेंद्रच्या कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत. फोन वाजून वाजून थकला.

"मोटर उलटी फिरते ना? त्याले काय लागते," केशवराव उठले आणि बाही सारली. "आता करतो सुलटी."

इथं केशवरावांच्या बाजूनं दोन शब्द सांगायला हवेत. जन्मभर त्यांनी शेताशेतातल्या विहिरींवर हेच केलं होतं. पंपाची मोटर उलटी फिरते, पाणी चढत नाही, शेतकरी डोक्याला हात लावून बांधावर बसतो. केशवराव येतात, तीन वायरींतल्या कोणत्याही दोन घेतात, याची जागा त्याला देतात, त्याची याला. मोटर सुलटी. पाणी धो धो. चहा येतो. हे त्यांच्या बोटांना झोपेतही येत होतं, आणि बोटांना जे येतं ते डोक्याला विचारत नाही.

त्यांनी करंट बंद केला, देवीला धक्का लागू नये म्हणून पोटावर सरपटत चौरंगामागं गेले आणि चारांतल्या मधल्या दोन वायरी अदलाबदल केल्या. एका कॉइलची वायर दुसरीच्या घरात गेली, दुसरीची पहिलीच्या. दोन्ही जोड्या मोडल्या.

बटन दाबलं.

प्रभावळ उजवीकडं फिरली नाही. डावीकडंही फिरली नाही. मोटरीला पाऊल कुठं टाकावं ते कळेना. पुढं टाकावं तर कोणी मागं ओढावं, मागं घ्यावं तर पुढं ढकलावं. ती जागच्या जागी थरथरायला लागली, माहेरी आलेल्या लेकीला दोन्हीकडून बोलावणं यावं तशी.

"जोर कमी पडून राहिला," केशवराव मागून म्हणाले. हिरव्या पट्टीवर करंट वाढवायचा एक बारका स्क्रू असतो, चण्याच्या डाळीएवढा. तो त्यांनी पिळला.

थरथरीचा घर्र असा आवाज झाला. रिकाम्या जात्यासारखा. तो लोखंडी खांबातून चौरंगात उतरला, चौरंगातून ताटांत. नैवेद्याच्या वाट्या एकमेकींशी बोलू लागल्या. समईची ज्योत कापायला लागली. कुंकवाची कोयरी आपल्याआपण सरकत काठापर्यंत गेली. आणि मग, फार हळू, अगदी नव्या नवरीच्या चालीनं, थोरली महालक्ष्मी निघाली.

ते पहिल्यांदा पाहिलं उर्मिलेनं. ती फुलं घेऊन आली होती. कलाबाई आत कढईशी होत्या. रघुनाथरावांचे डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडं लागलेले, विनोद ओसरीत पत्रावळ्या मांडत होता. बोलायला मधलं माणूसच नव्हतं. उर्मिला भिंतीला म्हणाली,

"कोनीतरी बटन बंद कराव आता."

भिंतीनं काही केलं नाही. केशवरावांनी ऐकलं. पण उर्मिलेचं वाक्य कलाबाईंच्या तोंडून पुन्हा आल्याशिवाय ते लागू होत नसे, ही सवय इतकी जुनी होती की ते मागच्या मागं वाट पाहत राहिले.

"अवो, बटन बंद करा."

उर्मिलेची ही हाक विनोदनं ओसरीतून ऐकली; 'अवो' म्हणजे आपणच, असं त्याला वाटलं. जन्मभराच्या आज्ञाधारकपणानं तो उठला, आत आला, हाताशी आलेलं पहिलं बटन बंद केलं आणि पुन्हा पत्रावळ्यांकडं गेला. पंखा थांबला. रघुनाथराव पदरासारखं उपरणं हलवायला लागले. थोरली चालतच होती. मान किंचित हलत होती, नथ डुलत होती, आणि एका अंगानं वळत वळत ती चौरंगाच्या काठाकडं येत होती.

"केशवराव, तुमाले म्हनून राहिली मी. बटन बंद करा."

भासऱ्याचं नाव. तोंडातून. समोर. रघुनाथरावांची सुपारी गालातच राहिली. विनोद पत्रावळ हातात घेऊन दारात उभा राहिला. केशवराव चौरंगामागून वर आले, त्यांच्या डोक्यावर एक मोरपीस होतं, आणि त्यांचं बोट बटनावर होतं. नुसतं होतं. आपल्याला नावानं हाक मारलेली आहे, ती हिनं मारलेली आहे, हिच्या आवाजात गाण्याशिवाय इतर शब्दही असतात, एवढं सगळं डोक्यात जागा करून बसायला जो वेळ लागला तेवढ्यात थोरलीनं उरलेली वाट चालून घेतली.

मग बटन दाबलं गेलं.

थोरली चौरंगाच्या अगदी काठावर उभी होती. धाकटीकडं पाठ, दाराकडं तोंड.

"गेली," रघुनाथराव म्हणाले.

"कोनीकडं तोंड हाये तिचं?" केशवरावांनी विचारलं. त्यांना मागून दिसत नव्हतं.

विनोदनं भाबडेपणानं दाराबाहेर पाहिलं, सूर्य कुठं आहे ते पाहिलं आणि खरं ते सांगितलं. "सौंसरकडं."

नैवेद्य दाखवलेला नाही, पंगत बसलेली नाही, आणि देवीची बोळवण होऊन गेलेली. रघुनाथराव रीतीभातीचे जाणते, त्यांच्याकडं सगळ्यांनी पाहिलं.

"हलली म्हंजे विसर्जन झालं," ते म्हणाले. "आता नैवेद्य कोनाले दाखवायचा? पंगत मोडली." एवढ्यात आतून पुरणपोळीवर पडलेल्या तुपाचा वास आला. रघुनाथरावांनी तो पूर्ण आत घेतला. "पन असं हाये, धाकटी तं बसूनच हाये. आपन अर्धं विसर्जन धरू. अर्ध्यात जेवन चालते."

"तू चूप बैस," केशवराव म्हणाले. ते विनोदकडं वळले. मोरपीस अजून डोक्यावर होतं, त्यामुळं त्यांच्या रागाला पाहिजे तसं वजन येईना. "झालं न तुह्या मनासारखं? मागावंही नाही लागलं. तिचंच तोंड फिरलं तुह्या गावाकडं. ने. कोनाडे काढूनच ठेवले हायेस ना दोन."

"दादा, कोनाडे..."

"मी सारं समजून राहिलो. चौरंग मापतं. कोठ्या गाडीत मावतीन का विचारतं. लहानपनी पतंग पाह्यजे होती तरी असाच गोल गोल फिरे हा."

विनोदनं दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा उर्मिलेकडं पाहून मिटलं. केशवरावांना तेच उत्तर वाटलं. बोलून झाल्यावर राग उतरला आणि त्याच्याखाली जे होतं ते वर आलं. आईच्या देवी. आपल्या हातानं, आपल्या स्क्रूनं आपण त्यांना घराबाहेर काढलं. भूपेंद्रनं सांगितलं होतं. साधं, धड समजेल असं सांगितलं होतं. थोरली काठावर डुगडुगत होती, कोणत्याही क्षणी खाली येईल अशी. गेलेलीच आहे, तर आता हात लावायला काय हरकत, असं वाटून त्यांनी तिला दोन्ही हातांनी कमरेशी धरलं आणि मागं घ्यायला जोर लावला.

जोर वाया गेला. थोरली पिसासारखी वर आली.

या कोठ्या गळ्यापर्यंत गव्हानं भरतात. भरलेली कोठी तिसऱ्या दिवशी सगळा जोर लावूनही जेमतेम तसूभर सरकते. घर हललं तरी ती हलू नये, म्हणून तर भरतात. केशवरावांनी ती एका हातात तोलून पाहिली. मुखवट्याच्या खाली, गळ्याच्या फटीतून, लुगड्याचा एक विटका तुकडा बाहेर आला होता. त्यांनी तो ओढला. आतून चिंध्या निघाल्या. जुन्या लुगड्याच्या, उशीच्या खोळीच्या, त्यांच्याच एका सदऱ्याच्या. तळाशी मूठभर गहू खुळखुळले, शास्त्रापुरते.

"हे कोनं भरलं?" ते म्हणाले.

"गेल्या का?" दारातून आवाज आला.

कलाबाई पुरणपोळ्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या.

"वहिनी, तसं पाह्यलं तं अर्ध्या..." रघुनाथराव सुरू झाले.

"गेल्या तं गेल्या," कलाबाई म्हणाल्या. त्यांनी ताट उर्मिलेच्या हातात दिलं, भिंतीला एक हात टेकला, मग दुसरा, आणि हळूहळू खाली बसल्या. सणाच्या दिवशी, जेवणं व्हायच्या आधी, घरची बाई पाय पसरून बसलेली केशवरावांनी आजवर पाहिली नव्हती. खाली बसायला तिला एवढा वेळ लागतो हेही पाहिलं नव्हतं. रोज घरातच असून.

"कला, कोठी रिकामी काऊन?"

"गहू उचलवत नाही."

"मले सांगायचं."

"तुमी वायर टाकून राहिले होते."

ओसरीत एक मांजर पत्रावळीवरून चालत गेली. तिला कोणी हाकललं नाही.

"भाऊजीले काही बोलू नका," कलाबाई म्हणाल्या. "ते मागायले नाही आले. फोन मीच केला होता. कोनाडे मीच काढायले लावले. उर्मिलेले म्हटलं, तू ने व माय आता, तुह्या अंगात जोर हाये. उर्मिला म्हने, बाई, आधी त्यायले इचारा. कालपासून इचारायले येऊन राहिली मी दारात. तुमी बटन दाबता."

केशवरावांनी डोक्यावरचं मोरपीस काढलं. ते कुठं ठेवावं ते त्यांना सुचेना. ते कलाबाईंच्या समोर, जमिनीवर, थोरलीला मांडीत घेऊन बसले.

"पाय दुखते, एवढंच ना?" ते हळूच म्हणाले. "गडी लावू. बाई लावू स्वयंपाकाले. भूपेंद्रच्या बायकोले बोलवू पुढच्या साली. त्यासाठी आईच्या देवी कायले द्यायच्या? तुले एवढी हौस सनाची. साऱ्या पांढुर्ण्यात म्हनतात."

कलाबाईंनी हात पुढं करून थोरलीची वाकडी झालेली नथ सरळ केली.

"म्हनतात," त्या म्हणाल्या. "मीबी म्हनू देते. पन खरं सांगू का तुमाले? पोळा झाला का मले भेव लागते. त्या येतात तवा मी हासते, कुंकवाची पावलं काढते, सारं करते, अन् मनात म्हनते, कवा जातीन. लई साल झाले असं होऊन. देवीबद्दल असं वाटते, म्हून कोनाजवळ बोलली नाही, तुमच्याजवळबी नाही. मले त्या येतात तवा नाही, जातात तवा बरं वाटते."